'व्हॅक्सिन व्हेक्टर'ला वाहक म्हणावं का?

रानपाखरू: एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात व्हॅक्सिन व्हेक्टर म्हणून जनुकं बदललेला साल्मोनेला जिवाणू आहे, तो दुसऱ्याच रोगजंतूचं प्रथिन स्वतःच्या पेशीत बनवतो आणि तोंडावाटे पोटात गेला की आतड्याच्या अस्तरातून आत शिरून प्रतिकारपेशींपर्यंत ते पोचवतो. मी 'लसवाहक जिवाणू' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडलं, म्हणे वाहक म्हटलं की रोग पसरवणारा वाटतो. मग काय लिहू?

कोरडवाहू: बरोबर खोडलं. डास हिवतापाचा वाहक, स्वतः आजारी न पडता इतरांना रोग देणारी स्वयंपाकीण मेरी मॅलन टायफॉइडची वाहक. आणि इथे तर जिवाणूही टायफॉइडच्या जंतूच्याच कुळातला, वाचक दचकेलच. 'लसदूत' करा, छान सुटसुटीत आहे.

निळू: दूत नको हो. दूत निरोप नेतो, माल नेत नाही, शिवाय 'मेसेंजर आरएनए'साठी (पेशीत प्रथिनाचा नुस्खा नेणारा रेणू) दूत-आरएनए हा शब्द आधीच आहे, त्याच लेखात दोन्ही आले तर गोंधळ. व्हेक्टर लॅटिनमधल्या 'वाहून नेणे' या धातूवरून आलाय आणि आपला 'वह्' त्याचाच सख्खा भाऊ, मग वाहक सोडून इतकं लांब कशाला जायचं?

आजोळ: माझी अडचण 'लस' शब्दाशीच आहे. खरचटल्यावर जे चिकट पाणी येतं ती लस, देवीच्या फोडातली तीच टोचायचे. आमची आजी तर 'देवी काढल्या' म्हणायची. गिळायच्या जिवाणूला लस म्हणणं मला पटत नाही.

निळू: मग व्हॅक्सिनमधली गायही काढावी लागेल, तो शब्द लॅटिनमधल्या 'वाक्का' म्हणजे गाय यावरून आलाय. टायफॉइडची टीवाय-21ए कॅप्सूल दिवसाआड गिळायचे, आत जिवंत जिवाणू असायचे, आणि तिला सगळे लसच म्हणायचे. शब्द वापराने सरकतो, त्याला जुन्या खुंटीला बांधून ठेवता येत नाही.

आजोळ: सरकू दे, पण मूळ माहीत असावं एवढंच.

सांजवेळ: रानपाखरू, कुठेही 'निष्क्रिय' लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. निष्क्रिय म्हणजे मारलेला. हा जिवंतच हवा, नाहीतर आत शिरून प्रथिन बनवणार कोण? साल्मोनेलातलं एआरओए हे जनुक काढलं की काही गरजेची द्रव्यं त्याला स्वतः बनवता येत नाहीत आणि आपल्या शरीरातही ती पुरेशी मिळत नाहीत, म्हणून तो थोडा वाढतो आणि संपतो. याला 'दुबळा केलेला' म्हणा. 'क्षीणीकृत' वाचून कुणाला काही कळत नाही.

कोरडवाहू: दुबळा फार बोली वाटतं, क्षीणीकृत रुळेल की. क्षयाच्या बीसीजी लशीचा जिवाणूही काल्मेत आणि गेराँ यांनी 1908 ते 1921 पुन्हापुन्हा वाढवून क्षीणच केला होता.

सांजवेळ: केला, पण जनुकं हाताने बदलून नाही. तो फरक तुमच्या शब्दात कुठे दिसतो?

रानपाखरू: दुबळा घेतला. पण मथळ्यात वाहक की दूत, ते कुणी सांगेल का?

आजोळ: देवी 'काढणं' की 'टोचणं', तुमच्याकडे काय म्हणायचे?