ग्रिम बंधूंनी कथा गोळा केल्या की रचल्या?

पाऊलवाट : 'ग्रिम बंधूंनी खेडीपाडी पालथी घालून शेतकऱ्यांच्या तोंडच्या कथा जशाच्या तशा उतरवून घेतल्या,' असे काल एका समूहावर कुणीतरी ठामपणे लिहिले आणि त्यावर वाहवाही झाली, म्हणून हा प्रपंच. याकोप आणि विल्हेल्म हे दोघे भाऊ बहुतेक वेळ जर्मनीतल्या कासेल शहरातच होते. कथा सांगणाऱ्यांमध्ये औषधविक्रेत्या विल्डांच्या मुली होत्या, तसेच ह्यूगनो (म्हणजे फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट) वंशाच्या हासनप्फ्लुग घराण्यातल्या सुशिक्षित तरुणीही होत्या. त्यांच्या कथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या खंडातले 'बुटातले मांजर' फ्रेंच वळणाचे म्हणून पुढे गाळावे लागले, ते काय उगीच? शिवाय विल्हेल्म १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत मजकुरावर हात फिरवत राहिला. पहिल्या आवृत्तीतली मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल कोंडणारीलाच भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे एवढे घट्ट का होऊ लागले आहेत, आणि तिला दिवस गेल्याचे बिंग फुटते. पुढे त्या जागी 'राजपुत्रापेक्षा तुम्हाला वर ओढणे जड का जाते' असा सोवळा प्रश्न आला. याला संकलन म्हणायचे?

तिरफळ : आपण सोयीचे तेवढेच सांगता. कासेलला भाजी विकायला येणाऱ्या डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या बायकोचे नाव आपण घेतलेच नाही. ती आधी कथा ओघात सांगे, मग लिहून घेता यावी म्हणून सावकाश पुन्हा सांगे आणि चूक झाली तर मध्येच स्वतःला दुरुस्त करी, असे १८१५ च्या दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेतच आहे.

पाऊलवाट : त्याच प्रस्तावनेत तिला शेतकरीण म्हटले आहे! ती खानावळवाल्याची मुलगी होती आणि तिचे पूर्वजही ह्यूगनोच होते.

घडवंची : कपड्यांचे राहू द्या, सावत्र आईचे काय? १८१२ च्या हिमगौरीत मुलीच्या जिवावर उठणारी तिची सख्खी आई आहे. १८१९ मध्ये विल्हेल्मने तिला सावत्र करून टाकले. हान्सेल आणि ग्रेटेलची आईही १८४० मध्ये अशीच सावत्र झाली. मला माझी आई वयाच्या पाचव्या वर्षी मिळाली. शाळेत हिमगौरीचे नाटक बसले, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने मला सर्वांदेखत विचारले, 'तुझी आई तुला सफरचंद देते का गं?' त्या संध्याकाळी आईने सफरचंद चिरून ताटलीत ठेवले आणि मी ते खाल्ले नाही. फोडी काळ्या पडेपर्यंत ती ताटली तशीच होती.

तिरफळ : ताई, आपले दुःख खरे आहे, परंतु शाळेतल्या मुलीचा राग विल्हेल्मवर काढणे भावनिक झाले. बाळंतपणात बायका मरत आणि घरात दुसरी येई, हे त्या काळचे वास्तव होते. शिवाय ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची काही कासेलहून आली नव्हती.

घडवंची : सुरुची मुळातच सावत्र आहे, सख्खीचा डाग पुसण्यासाठी कुणी तिला तसे केलेले नाही. एवढा फरक आपल्याला कळत नसेल, तर 'भावनिक' हा शब्द आपण स्वतःसाठी राखून ठेवावा.

दस्तुरखुद्द : भांडण थोडे बाजूला ठेवून हस्तलिखिताकडे पाहावे, अशी विनंती. १८१० मध्ये ग्रिम बंधूंनी कवी ब्रेंटानोला पाठवलेला कच्चा मजकूर त्याने परत केला नाही, तो पुढे आल्सासमधल्या एका मठात सापडला. म्हणूनच छापील कथा किती फुलवल्या, हे ताडून पाहता येते. कथा सांगणारी 'म्हातारी मारी' म्हणजे विल्डांच्या घरची वृद्ध कामवाली, ही समजूत ग्रिम-अभ्यासक रोलेके यांनी १९७५ मध्ये खोडून काढली. ती मारी हासनप्फ्लुग होती.

तिरफळ : ठीक आहे, रापुन्झेलच्या कपड्यांपुरता मी हरलो, असे समजावे. मात्र बदल करणारा माणूस संकलक उरतच नाही, हे मला मान्य नाही. याच भावांनी कथांवर टिपांचा स्वतंत्र खंड काढून कुठली कथा कोणत्या प्रांतातून आली, तेही नोंदवले आहे.

पाऊलवाट : प्रांत नोंदवला, पण सांगणारीचे नाव बहुधा नाहीच. एवढ्या औदार्याबद्दल आभार.

घडवंची : आणि सफरचंदाबद्दल?