प्रायमरवर फाउंडेशन लावलं की चुरा निघतो, काय चुकतंय?

अबोली२२:
मैत्रिणींनो मदत हवीये. दोन महिन्यांपासून फाउंडेशन नीट बसावं म्हणून त्याच्या आधी प्रायमर लावायला लागलेय, पण फाउंडेशन पसरवायला घेतलं की नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर सगळं बोटाखाली गोळा होतं, खोडरबर घासल्यावर निघतो ना अगदी तसा बारीक पांढरा चुरा. पुसून परत लावलं की अजूनच बिघडतं. क्रम असा, फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, सगळं मिळून दहा मिनिटांत. गाल कोरडे आहेत आणि कपाळ-नाक दुपारपर्यंत तेलकट होतं. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, त्याआधी हे मार्गी लावायचंय. प्रायमर बंदच करू का?

निशिगंध:
बंद कर सरळ. प्रायमर सगळ्यांना लागतोच असं नाही, मी मॉइश्चरायझर नीट मुरू देते आणि माझं फाउंडेशन छान बसतं.

रानजाई:
अगं थांब, बंद करायच्या आधी दोन्ही बाटल्यांच्या मागची घटकांची यादी वाच. जे जास्त प्रमाणात असतं ते आधी लिहिलेलं असतं. प्रायमरमध्ये सुरुवातीलाच डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन असं काही दिसलं तर तो सिलिकोनचा. फाउंडेशनमध्ये पाणी पहिलं असेल तर तेवढ्यावर ठरवू नकोस, सिलिकोनच्या फाउंडेशनमध्येही पाणी बरेचदा पहिलंच असतं, पुढची तीन-चार नावं बघ. तिथे सिलिकोन अजिबात नसेल तर ते त्या गुळगुळीत थरावर धरतच नाही, सरकतं, गोळा होतं. जोडी जुळली पाहिजे.

पण तुझ्या बाबतीत मला घाईचीच शंका जास्त आहे. दहा मिनिटांत पाच थर म्हणजे खालचा ओला असतानाच वरचा घासला जातोय. मॉइश्चरायझर पातळ लाव आणि पाच मिनिटं सोड, सनस्क्रीनला दहा-पंधरा मिनिटं दे, तेवढ्यात केस विंचरून होतात. हाताची मागची बाजू गालाला टेकवून बघायची, चिकट लागली तर अजून थांबायचं. प्रायमर वाटाण्याएवढा बास, तोही फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, आणि घासायचा नाही, बोटाने थोपटून बसवायचा. कोरड्या गालांना मॉइश्चरायझर पुरतं, फारच ओढल्यासारखे वाटले तर ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिडवाला पाण्याचा प्रायमर बघ. फाउंडेशनही ओल्या स्पंजने दाबून दाबून.

मेघना_लिहिते:
यात घुसून विचारते, माझ्या प्रायमरवर एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ३० लिहिलंय, मग सनस्क्रीन गाळलं तर एक थर कमी होईल ना?

रानजाई:
नको गं, प्लीज नको. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो आणि वाटाण्याएवढा प्रायमर त्याच्या जवळपासही जात नाही. थर कमी करायचाच तर प्रायमर गाळ, सनस्क्रीन नाही.

निशिगंध:
हे मात्र शंभर टक्के खरं. आणि अबोली, प्रायमरने रंध्रं कायमची मिटतात असं जे सांगतात ना त्यावर जाऊ नकोस, खड्डे तेवढ्यापुरते भरतात आणि पृष्ठभाग सपाट दिसतो इतकंच. रात्री मेकअप नीट काढणं जास्त महत्त्वाचं.

अबोली२२:
आज करून बघितलं. यादी वाचली, प्रायमर आणि फाउंडेशन दोन्हीत सिलिकोन आहे, म्हणजे जोडी बरोबर होती. मग डाव्या बाजूला नेहमीसारखं घाईत लावलं आणि उजव्या बाजूला रानजाईताईंनी सांगितलं तसं थांबून, थोपटून. डावीकडे नाकाजवळ तोच चुरा आणि उजवीकडे एक कण नाही!! दुपारी तीनला आरशात बघितलं तर उजवा गालही छान होता, नाकावर थोडी चकाकी होती ती टिश्यूने टिपली. लग्नाच्या दिवशी अर्धा तास आधी उठणार. खूप खूप थँक्यू गं सगळ्यांना.