मामा तलावात तण माजलंय, ग्रास कार्प सोडू का?

साकोलीवाला: नमस्कार मंडळी. गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला) आमच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे. काठानं बेशरमची झुडपं, एका कोपऱ्यात इकॉर्निया (जलपर्णी) आणि पाण्याखाली गच्च हिरवं गवत. जाळ्यात मासळीपेक्षा गवतच जास्त येतं. पहाटे कटला मासा वर येऊन तोंड उघडतो. दुकानदार म्हणतो तणनाशक मारा, काहीजण म्हणतात ग्रास कार्प हा गवत खाणारा मासा सोडा. काय करू?

वैनगंगाकाठ: भाऊ, औषध अजिबात मारू नका. एवढं तण एकदम मेलं तर सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेईल आणि आज तोंड उघडणारा कटला उद्या मरून काठाला लागेल. शिवाय गावची गुरं त्याच पाण्यावर असतात.

आधी ते गवत हातात घेऊन पाहा. देठाभोवती पानांची कडी, पानाची कड खरखरीत आणि मूळ गाळात असेल तर हायड्रिला. पानं काट्यासारखी दुभंगलेली आणि मूळच नाही, तर सेरॅटोफायलम. बुडापासून निघालेल्या लांब फितीसारख्या पानांची ती व्हॅलिसनेरिया. ही तिन्ही आपल्या तलावांची जुनी झाडं आहेत. मरळ-मागूर माशांची पिल्लं त्यांच्याच आडोशानं वाढतात. भंडारा-गोंदिया भागात ढिवर या मच्छीमार समाजातल्या बायकांनी काही तलावांतली बेशरम उपटून हीच झाडं तलावात परत लावली आहेत, आणि आपण ती मुळासकट संपवायला निघतो, याचं मला फार वाईट वाटतं. जाळं ओढायचा पट्टा तेवढा मोकळा करा, तोही थोडा थोडा. काठालगतचं राहू द्या.

खरे वैरी दोनच, आणि दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले. बेशरम मे महिन्यात पाणी उतरलं की मुळासकट खणून काढा. नुसती कापून काठावर टाकली तर ओल्या गाळात प्रत्येक दांडा पुन्हा फुटतो. बांधापासून दूर, उन्हात कडक वाळवा. इकॉर्नियाला बांबू आडवे बांधून कोपऱ्यातच अडवा आणि फुलं यायच्या आत ओढून काढा. तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर फेरी मारून नवी रोपं उचलावीच लागतात.

उजनीकर: आमच्या मातीच्या तळ्यात ग्रास कार्पनं हायड्रिला छान खाल्लं. बोटुकली (सोडायची लहान मासळी) मात्र वीतभर तरी हवी. इकॉर्नियाच्या नादी तो लागत नाही.

वैनगंगाकाठ: दादा, बंदिस्त तळ्यात तुमचं बरोबर आहे. मामा तलाव पावसाळ्यात सांडव्यावरून वाहतो, मासा नाल्यात जाणार. आणि राहिला तर राखायचं गवतही फस्त करणार. त्याच्या विष्ठेनं पाणी हिरवं होतं ते वेगळंच. मी तरी सोडणार नाही.

साकोलीवाला: पाहिलं, हायड्रिलाच आहे. पट्टा मोकळा होईपर्यंत पहाटेचं काय करू?

वैनगंगाकाठ: रात्री झाडंसुद्धा प्राणवायूच घेतात, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. सध्या शेण आणि खाद्य बंद ठेवा. पहाटे पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून तलावात पाडा. आभाळ भरून आलं असेल तर त्या रात्री कुणाला तरी बांधावर झोपवा, वेळेत पंप सुरू झाला पाहिजे. उपटलेलं हायड्रिला काठावर सोडू नका, पाऊस आला की पुन्हा पाण्यात येतं. धानाच्या बांधीत न्या, खत चांगलं होतं.