दुकानं-ऑफिसांच्या साध्या इमारतीचा रेंडर: दिवसाउजेडीचा की तिन्हीसांजेचा?

(चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उभीरेघ

तळमजल्यावर दुकानं, वर तीन मजले ऑफिसं, अशी साधी इमारत. तिचा रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं खऱ्यासारखं चित्र, मागवला की बहुतेक वेळा तिन्हीसांजेचा येतो: जांभळं आकाश, ओला चकचकीत रस्ता, खिडक्याखिडक्यांतून सोनेरी उजेड. माझं मत असं की मुख्य रेंडर दिवसाचाच असावा, सकाळी दहाच्या किंवा दुपारी तीनच्या उन्हातला. संध्याकाळचा हवा तर जोडीला द्या.

उन्हात छज्जा किती पुढे आलाय, खिडकी भिंतीत किती आत बसलीय, हे सावलीवरून मोजता येतं. सूर्य भिंतीच्या समोर आणि ४५ अंश उंचीवर असेल तर ६०० मिमीच्या छज्ज्याची सावली बरोबर ६०० मिमी खाली उतरते. तिन्हीसांजेला ती सावलीच नसते, त्यामुळे खोली नसलेली सपाट दर्शनी बाजूही खपून जाते.

दिवसाचा रेंडर नकली दिसतो अशी तक्रार असते. तिथे बहुधा उजेडाचं गणित चुकलेलं असतं. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक), ऑफिसात ३०० ते ५००. म्हणजे अडीचशे पट, साधारण आठ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). खिडकीलगतचा पट्टा सोडला तर दुपारी बाहेरून ऑफिसचं आतलं फारसं दिसत नाही, काच गडद दिसते. तरीही आतले दिवे वाढवून ते दिसायला लावले की डोळ्याला लगेच खटकतं. दुसरी चूक पांढऱ्या रंगाची. भिंतीला शुद्ध पांढरा, म्हणजे १.० परावर्तन (पडलेला सगळा उजेड परत) दिलं की उजेड उसळतच राहतो आणि सावल्या धुऊन निघतात. पांढऱ्या रंगाला ०.८च्या वर जाऊ नका. उघड्या काँक्रीटला ०.३ ते ०.४, नव्या डांबराला ०.०५च्या आसपास, जुन्याला ०.१२.

दिवेलागण

उन्हातल्या सावलीचा मुद्दा मान्य. पण तिन्हीसांज म्हणजे फसवणूक, हे मान्य नाही.

दुकानांच्या इमारतीत तळमजला महत्त्वाचा, आणि दुपारी तोच दिसत नाही हे तुम्हीच सांगितलंत. सूर्यास्ताला बाहेर साधारण ४०० लक्स असतात आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत ते ३-४वर येतात. त्या अर्ध्या तासात कधीतरी आतला आणि बाहेरचा उजेड तोलामोलाचा होतो. दुकान किती खोल आहे, पाटीची उंची बरोबर आहे का, पोटमाळा बाहेरून कसा दिसतो, हे तेव्हाच एका चित्रात कळतं.

बिघडतं ते दिव्यांमुळे. सगळ्या इमारतीला २७०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) एकच पिवळा दिवा लावला की ऑफिस हॉटेलसारखं दिसतं. ऑफिसला ४००० केल्विन द्या, दुकानांना प्रत्येकी वेगळं, ३००० ते ५०००. दोन-तीन खिडक्या अंधारात ठेवा. पडदे प्रत्येक खिडकीत वेगळ्या उंचीवर. भिंतीवरच्या दिव्याला नुसता गोल प्रकाश देऊ नका, त्या दिव्याची आयईएस फाइल (उजेड कुठल्या दिशेला किती पडतो याची नोंद) लावा, म्हणजे भिंतीवर पडणारा पंख्यासारखा उजेड खरा येतो. आणि रस्ता कोरडा ठेवा. ओला रस्ता मलाही नको.

गिलावा

तुम्ही दोघं वेळेवर भांडताय, पण रेंडर नकली वाटतो तो कडांमुळे. जगात धारदार कोपरा नसतो. गिलाव्याच्या कोपऱ्याला ३ ते ५ मिमी गोलाई द्या, काँक्रीटच्या खांबाला १५-२० मिमीची तिरपी कापलेली कड, ॲल्युमिनियमला १ मिमी. त्या कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटते, आणि डोळा ती रेघ नकळत शोधत असतो.

एसीपीचं (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेल्या दर्शनी आवरणाचं) तर फारच वाईट चाललंय. पत्रा साधारण १२२० × २४४० मिमीचा येतो, जाडी ३ किंवा ४ मिमी. रेंडरमध्ये मात्र पाच मीटर लांब, तीन मीटर उंच अखंड पट्टा, मध्ये एकही सांधा नाही. असा पत्रा कोण बसवणार? सांधे आधी ड्रॉइंगमध्ये आखा, १० ते १५ मिमीची खाच खरोखर खोदा, टेक्स्चरवर (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रावर) काळी रेघ मारून भागवू नका. पत्र्याला अगदी हलकी लहर द्या. बसवलेला पत्रा आरशासारखा सपाट राहत नाही.

आणि एसीची बाहेरची युनिटं, पावसाच्या पाण्याचे ११० मिमीचे पाइप, शटरच्या पेट्या, मीटरचं कपाट, छज्ज्याखालची पाणी तोडणारी खाच, खिडकीच्या कोपऱ्यांखालचे ओघळ. हे नसेल तर ती इमारत नाही, पुठ्ठ्याचं मॉडेल आहे.

कोरापत्रा

गिलावा, तुमच्या कडा आणि सांध्यांबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या परिच्छेदाला मात्र ठाम विरोध.

एसीची युनिटं कुठे येणार हे अजून ठरलेलंच नसेल, तर ती मनाने चिकटवणं हेही खोटंच. फक्त ते खरं वाटणारं खोटं आहे, म्हणून जास्त घातक. बघणारा धरून चालतो की हे ठरलंय. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच दाखवा. नसेल तर आर्किटेक्टला विचारा: पाइप कुठून उतरणार, युनिटं कुठे बसणार? उत्तर आलं की मॉडेल करा.

ओघळांचं तर अजिबात पटत नाही. ओघळ हा चुकलेल्या डिटेलचा पुरावा असतो. खाच नीट असेल तर पाणी भिंतीवरून वाहत नाही. मग खाचही दाखवायची आणि ओघळही, हे एकत्र कसं बसणार? खरेपणा हवा तर रंग मळवू नका, चमक बदला. रफनेस (खडबडीतपणा, कमी तितकी चमक जास्त) ०.३५ ते ०.५च्या दरम्यान हळूहळू हलू द्या, मोठ्या आकाराच्या नॉइजने, म्हणजे अनियमित ठिपक्यांच्या नक्षीने. भिंत नवीच दिसते, पण प्लास्टिकची वाटत नाही. एक तांत्रिक गोष्ट: रफनेस आणि नॉर्मलचे (पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणाचे) नकाशे 'नॉन-कलर', म्हणजे रंग नव्हे तर नुसते आकडे, म्हणून वाचले जाताहेत का ते तपासा. एसआरजीबी, म्हणजे पडद्यावरचे रंग, म्हणून वाचले गेले की आकडे खाली घसरतात आणि सगळं विनाकारण चकचकीत होतं.

गिलावा

ओघळांचा मुद्दा मागे घेतो, खाच आणि ओघळ एकत्र बसत नाहीत हे खरं. युनिटांचा नाही. जागा ठरलेली नाही म्हणून ती वगळायची, आणि इमारत उभी राहिल्यावर तीच दर्शनी बाजूवर लोंबकळणार. निदान विचारलेला प्रश्न रेंडरमध्ये दिसायला हवा: साधी राखाडी पेटी काढा आणि खाली 'जागा अनिश्चित' असं लिहा.

पस्तीसमिमी

कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि सगळ्यात मोठी लबाडी तिथेच होते.

हिशेब करा. इमारत १५ मीटर उंच. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, १.६ मीटरवर, अगदी समतल, म्हणजे उभ्या रेघा उभ्याच राहतील. फुल-फ्रेमवर (३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर) २४ मिमीची लेन्स, आडवी चौकट. २७ मीटरवरून चौकटीची वरची कड १५.१ मीटरला लागते. म्हणजे पॅरापेट (गच्चीचा कठडा) जेमतेम मावतो, वर आकाश नाही. कॅमेरा वर वळवला तर इमारत मागे झुकते. म्हणून लेन्स शिफ्ट वापरायचा, म्हणजे कॅमेरा न वळवता चौकट वर सरकवायची: चौकटीच्या उंचीच्या एक चतुर्थांश वर सरकवलं की तिथूनच जवळपास बावीस मीटरपर्यंत दिसतं.

आता समोरचा रस्ता १२ मीटरचा असेल तर २७ मीटरवर समोरच्या इमारतीचा जिना असतो. तिथून कुणीच कधी बघणार नाही. तरी रेंडर तिथूनच काढतात, समोरची इमारत पुसून. मग वेळ दुपारची असो की तिन्हीसांजेची, ते दृश्य अस्तित्वातच नाही. तिरक्या कोनातून, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून काढा. लांबी मिळते आणि इमारत जशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल तशीच दिसते.

उभीरेघ

पस्तीसमिमी, हे अगदी बरोबर, आणि काचेचं कामही तिथेच अडतं. तिरक्या कोनातून काच वेगळीच वागते. समोरून बघितलं तर काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो, ६० अंशांवर ९ टक्के, ८० अंशांवर ३९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लांब दर्शनी बाजूचं पलीकडचं टोक जवळजवळ आरसा होतं. तो आरसा दाखवणार काय? कॅमेऱ्याच्या पाठीमागे नुसतं एचडीआर आकाश (उजेड देणारा आकाशाचा गोल फोटो) असेल तर तळमजल्याच्या काचेत ओसाड क्षितिज उमटतं आणि इमारत माळरानावर उभी असल्यासारखी वाटते. पुसलेली समोरची इमारत कॅमेऱ्यापासून लपवा, पण परावर्तनात ठेवा. नुसते ठोकळे, खिडक्यांचे काळे चौकोन, एक-दोन झाडं एवढंही पुरतं. प्रत्येक काच ०.१ ते ०.३ अंशांनी वेगवेगळी फिरवा. मग समोरच्या छपराची रेघ मुलियनपाशी (दोन काचांमधल्या उभ्या पट्टीपाशी) तुटते, थोडी वर, थोडी खाली. हे तुटणं दिसलं की काच खरी वाटते.

दिवेलागण, तळमजल्याचं तुमचं म्हणणं मला पटतंय. पण पाटीचा उजेड सांभाळा. ब्लेंडर या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये ४.०पासून रंग पडद्यावर दाखवायचं मूळ सेटिंग एजीएक्स आहे. ते प्रखर रंग फिकट करत नेतं. लाल पाटीला ५०चं एमिशन (स्वतःचा उजेड) दिलं की ती गुलाबीसर पांढरी होते. २ ते ५ पुरतं.

दिवेलागण

पाटीचं मान्य. डीनॉइझरबद्दलही (रेंडरमधले दाणे पुसणाऱ्या साधनाबद्दल) सांगून ठेवतो: अल्बेडो आणि नॉर्मल पास (रंगाचं आणि पृष्ठभागाच्या दिशेचं वेगळं चित्र) जोडले नाहीत तर तो विटांचे सांधे पुसून टाकतो, आणि संध्याकाळच्या कमी उजेडात ते लवकर होतं.

पण तुमच्या दिवसाच्या आग्रहाला माझा खरा प्रश्न हा: दर्शनी बाजू उत्तरेला असेल तर? कर्कवृत्ताच्या उत्तरेला त्या भिंतीवर सरळ ऊन येतं ते उन्हाळी सहामाहीत, मुख्यतः सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. तुमचं दहाचं ऊन तिथे हिवाळ्यात येतच नाही. तरी बहुतेक रेंडरमध्ये उत्तरमुखी दुकानांवर झकास ऊन पडलेलं असतं, कारण सूर्य हाताने फिरवलेला असतो.

उभीरेघ

सूर्य हाताने फिरवू नये, यात दुमत नाही. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा भरायची आणि पडेल ती सावली स्वीकारायची.

उत्तरमुखी बाजू सावलीतच दाखवा. निरभ्र दिवशी मोकळ्या सावलीत साधारण १० हजार लक्स असतात, आत ४००. आठ स्टॉपचा फरक साडेचारवर येतो, म्हणजे दुकानाचं आतलं थोडंफार दिसायला लागतं, तुमचं अर्धं काम दिवसाच होतं. एक्स्पोजर सावलीतल्या भिंतीवर बांधा. वरचं आकाश पांढरं पडेल, पडू द्या. दुसरं छान निळं आकाश मागाहून चिकटवलं की भिंतीवरचा उजेड आणि आकाश यांचा मेळ तुटतो, आणि तो पॅरापेटच्या कडेवर सगळ्यात आधी दिसतो.