कथेतली सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात, रोलप्लेइंग गेम खेळून फरक पडतो का?

पावसाळी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतीच वाचतेय, आज विचारूनच टाकते. मी कथा लिहिते, छोट्या दिवाळी अंकांत आल्यात काही, पण आमच्या लेखनगटात दरवेळी एकच ऐकायला मिळतं की तुझी सगळी माणसं तुझ्यासारखीच बोलतात आणि तुला हवं तेव्हा हवं तेच करतात. सध्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या कॅशियरवर लिहितेय, मोहन नाव ठेवलंय, त्याने कॅशमधले पैसे परस्पर वापरलेत आणि मार्च एंडच्या आत गुपचूप परत ठेवायचेत, एवढं ठरलंय. पण पुढे मोहन हलतच नाही. मी उठ म्हटलं तर उठतो, रड म्हटलं तर रडतो.

माझा भाचा बंगळुरूला असतो, शनिवारी मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राच्या वतीने बोलायचं-वागायचं असा रोलप्लेइंग गेम, तो म्हणाला मावशी तू एकदा खेळच, पात्र कसं उभं राहतं ते कळेल. त्याचं कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) बघितलं तर ताकद १४, शहाणपण ८ असले आकडे. आता ह्यावरून माणूस कसा कळायचा? शिवाय मला राक्षस-जादूगारांत काडीचा रस नाही. कोणी लिहिण्यासाठी म्हणून हे केलंय का, की नुसता टाइमपास?

वीसबाजू
आकड्यांचं आधी सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आलं ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या युद्धखेळांच्या नादातून, म्हणजे टेबलावर पलटणी हलवायचे खेळ, त्यात पलटणीच्या जागी एकेक माणूस आला. त्यामुळे शीटवरचे बरेचसे आकडे मारामारीच्या हिशोबाचे, मोहन तिथे सापडणार नाही. पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच शीटवर चार रिकाम्या चौकटी आहेत, स्वभावाची लकब, कशाला मानतो, कशात जीव अडकलाय आणि खोट काय. भाच्याला तो कोपरा दाखवायला सांगा. शेवटच्या दोन लेखकाच्या कामाच्या. अर्थात त्याही भरून ठेवून दिल्या तर लग्नाच्या बायोडाट्यासारख्या, सगळं लिहिलेलं असतं आणि माणूस काही कळत नाही.

मी बरीच वर्षं गेम मास्टर म्हणून, म्हणजे खेळ चालवणारा म्हणून, खेळवतोय (पुण्यात, घरीच, बायको चहा देते तोपर्यंत) आणि थोडंफार लिहितोही. माझ्या मते खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे. लिहिताना मोहनही तुम्ही, मॅनेजरही तुम्ही, तिजोरीचं कुलूपही तुम्ही, मग अडचण आली की तुम्हीच ती हळूच बाजूला सरकवता आणि कळतसुद्धा नाही. खेळताना तुमच्याकडे फक्त मोहन, बाकीचं जग माझ्याकडे नाहीतर फाशांकडे. मी म्हणणार, मॅनेजर आज लवकर आलाय, तुझ्या टेबलापाशी उभा राहून व्हाउचर चाळतोय, काय करतोस? मग तुम्हाला लगेच बोलावं लागतं, तेही मोहनला जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरच. वाक्य सजवायला वेळच नसतो, त्यामुळे आपली ठेवणीतली भाषा आपोआप गळून पडते.

राक्षस नकोत तर व्हिन्सेंट बेकरच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमचा (२०१०) फाशांचा नियम तेवढा उचला, जग तुमचंच ठेवा. साधे दोन फासे टाकायचे. बेरीज १० किंवा जास्त, काम झालं. ६ किंवा कमी, काहीतरी वाईट घडतं. आणि ७ ते ९ आलं तर काम होतं पण किंमत मोजून. खऱ्या गेममध्ये पात्राच्या गुणांप्रमाणे एखाददोन अंक वर-खाली होतात, पण नुसते फासे धरले तरी ३६ पैकी १५ वेळा ही मधली बेरीज येते. लेखकाला हवी ती नेमकी हीच, कारण आपण लिहिताना "जमलं" किंवा "फसलं" एवढंच लिहितो. आता मोहन संध्याकाळी पैसे परत ठेवायला थांबलाय, फासे ८. पैसे ठेवले गेले, पण शिपायाने पाहिलं. तो काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, साहेब पोरीच्या ॲडमिशनचं कर्ज अडकलंय, तुम्ही सांगितलं तर होईल. घ्या, तुमची कथा पुढे सरकली आणि मोहनला पहिल्यांदाच स्वतःचं डोकं चालवावं लागलं.

खडूस वाचक
वीसबाजू, प्रतिसाद आवडला, पण दुसरी बाजू मांडतो. खेळाचं लिहिलेलं वाचायला भयानक असतं. टेबलावर आठ जण पोट धरून हसलेले असतात आणि कागदावर नुसतं "मग आम्ही डावीकडच्या दाराने गेलो". फाशाने शिपाई आला हे खेळताना चालतं, वाचक मात्र विचारणार की तो नेमका तेव्हाच कसा काय आला, आणि तिथे फासे दाखवून सुटका नाही.

आणि वेळेचं काय? जॉर्ज आर. आर. मार्टिनला (तोच, गेम ऑफ थ्रोन्सवाला लेखक) १९८३ मध्ये सुपरवर्ल्ड नावाचा सुपरहिरोंचा गेम भेट मिळाला आणि त्याचा गट त्यात एवढा बुडाला की त्याचं लिहिणं मागे पडलं. शेवटी एवढा वेळ घातलाय तर निदान पैसे तरी सुटू देत म्हणून त्याच पात्रांवरून १९८७ ला वाइल्ड कार्ड्स या मालिकेचं पहिलं पुस्तक काढलं. तो मार्टिन होता म्हणून निभावलं. आपल्यातले किती जण नुसती जगं रचत बसतात, नकाशे, वंशावळी, नाणी, आणि कथा शून्य (स्वतःवर ओढून घेऊ नये, हलकेच घ्या).

बाय द वे हे आपल्याकडे नवं नाही. एकांकिकेच्या तालमीत दिग्दर्शक संहिता बाजूला ठेवायला लावतो आणि म्हणतो तू बाप, तू मुलगा, तो दार उघडत नाहीये, चला. तेच हे. नाटकवाली एखादी मैत्रीण असेल तर तिला पकडा, गेम विकत घ्यायची गरज नाही.

परसातली जाई
खडूस वाचक, तालमीचं पटलं पण तिथे सहसा कोणी हरत नाही, दोघंही प्रसंग सांभाळून नेतात. गेममध्ये हरायला लागतं, हा फरक आहे.

पावसाळी, तुझ्या कथेसाठी मला तर फियास्को हाच गेम सुचतो. जेसन मॉर्निंगस्टारचा, २००९ चा. गेम मास्टर लागत नाही, तीन ते पाच जण, एका बैठकीत संपतो. विषयच मुळी साधी माणसं, मोठी हाव आणि स्वतःवर नसलेला ताबा असा, म्हणजे तुझा मोहन. यात पात्राचं शीटच नसतं. फासे टाकून याद्यांमधून ठरवायचं ते शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांमधलं, नातं काय, गरज कसली, कुठली वस्तू, कुठली जागा. म्हणजे मोहन कोण हे कोणी विचारतच नाही, मोहन आणि मेहुण्यामध्ये काय आहे हे विचारतात, आणि मग मोहन कोण ते कळत जातं. मी आधी पात्राचा जन्म, शाळा, आवडता पदार्थ सगळं लिहून काढायचे, ते बंदच केलं.

आणखी एक मजा म्हणजे तुझी पाळी आली की दोनच पर्याय. एक तर प्रसंग तू मांडायचा, मग त्याचा शेवट चांगला की वाईट ते बाकीचे ठरवणार. नाहीतर प्रसंग ते मांडणार आणि शेवट तू ठरवणार. दोन्ही एकदम मिळत नाही. तुझी तक्रार हीच आहे ना, की सगळं तुझ्या मनासारखं होतं?

गट जमत नसेल तर एकटीने खेळायचेही आहेत. थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर मी रात्री वहीत खेळते. व्हॅम्पायरच्या डोक्यात पाचच आठवणी मावतात, एकेका आठवणीत तीन अनुभव, नवीन काही घडलं की जुनं काहीतरी खोडायला लागतं. थोडं डायरीत उतरवून वाचवता येतं, पण डायरीही हरवू शकते. माझ्या व्हॅम्पायरने सूड लक्षात ठेवला आणि कुणासाठी घ्यायचा होता तेच विसरला. असं पात्र मी नुसतं बसून कधीच सुचवलं नसतं.

पावसाळी
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. रविवारी आमच्या गटाला बसवलं, फियास्को मिळाला नाही म्हणून वीसबाजूंचा दोन फाशांचा नियम आणि जाईचं "एकाने मांडायचं, दुसऱ्याने संपवायचं" अशी खिचडी केली. मी मोहन, एक मैत्रीण मोहनची बायको. तिने एकदम विचारलं, गेल्या महिन्यात तुम्ही गॅसची सबसिडी आली का म्हणून तीनदा विचारलंत, एवढी काय नड आहे? आणि मी मोहन म्हणून चिडून तिच्या माहेरच्यांवर घसरले. माझा मोहन आत्तापर्यंत गरीब गाय होता हो, हा कुठून आला माहीत नाही. आता प्रश्न असा की हे जसंच्या तसं लिहू का? आमच्यातल्या एकीने रेकॉर्डिंग केलंय.

खडूस वाचक
रेकॉर्डिंग ऐकू नका. माझा विरोध तिथेच होता, बाकी तुम्ही मस्त केलंत. तो प्रसंग न बघता पुन्हा लिहा आणि फासे सगळे पुसून टाका, म्हणजे बायको तेव्हाच का विचारते याचं कारण आता तुम्हाला कथेत पेरावं लागेल, चार पानं आधी. चिडणं ठेवा, ते अस्सल आहे.

वीसबाजू
+१. आणि पुढच्या वेळी तुम्ही बायको व्हा, मोहन मैत्रिणीला द्या. तिचा मोहन तुमच्यापेक्षा वेगळा बोलला तर जिथे "छे, तो असं म्हणणार नाही" असं वाटेल तेवढंच टिपून ठेवा. फियास्कोच्या खोक्यासाठी थांबू नका, जुन्या, फाशांच्या आवृत्तीची पीडीएफही विकत मिळते, इंग्रजीत आहे पण याद्या तुमच्या तुम्ही पतसंस्थेच्या करून घ्या, कॅशियर-शिपाई, जामीनदार-कर्जदार, भिशीतल्या बायका. फासे सहा बाजूंचेच लागतात, फक्त दोन रंगांचे घ्या.