क्रेडिट नेमके कुठे अडकतात
परदेशात सेमिस्टर करून आल्यावर क्रेडिट का अडकतात, म्हणजे तिथे मिळवलेले श्रेयांक आपलं विद्यापीठ का धरत नाही, असा प्रश्न आहे. बहुतेकदा घोळ तिथे पोचल्यावर होतो. ठरलेला विषय बंद झालेला असतो किंवा दोन विषयांचे तास एकाच वेळी येतात. मग विद्यार्थी भलताच विषय घेतो आणि आपल्या विभागाला कळवतच नाही. इरॅस्मसमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत, यासाठी लर्निंग ॲग्रीमेंट (कोणते विषय घ्यायचे याचा लेखी करार) असतं: विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं, तिघांच्या सह्या. विषय बदलला की त्यातही बदल करून पुन्हा तिघांची मंजुरी. आणखी एक, दोन विद्यापीठांच्या क्रेडिटची तुलना नुसते वर्गातले तास मोजून करू नका. एका ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिटमागचे २५ ते ३० तास घरचा अभ्यास धरून असतात. विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम आधीच उतरवून ठेवा, सत्र संपलं की वेबसाइटवरची ती पानं बऱ्याचदा गायब होतात.