बटाट्याच्या डोळ्यापाशी छिद्र, पानांवर चट्टे : लगेच काढणी करावी का?

शिवार_मोहोळ :
भारी काळी जमीन, ठिबक, बटाट्याचा वाण ‘कुफरी लवकर’, लागवडीला आज ८० दिवस. खालच्या पानांवर तपकिरी चट्टे, आत एकात एक गोल कडी. नमुन्याला उपटलेल्या झाडांत वरच्या बटाट्यांना डोळ्यापाशी छिद्र आणि काळी विष्ठा. मॅन्कोझेब औषध दोनदा मारलं, किडीत फरक नाही. काही माल आरण लावून (झाकलेल्या ढिगात) साठवायचा आहे.

काळी_माती :
छिद्र आणि विष्ठा म्हणजे बटाट्यावरची पाकोळी, म्हणजे छोटा पतंग; तिची अळी बटाटा पोखरते. मॅन्कोझेब बुरशीनाशक, अळीला त्याचं काय? आणि आता कीटकनाशक मारूनही उपयोग नाही, अळी बटाट्याच्या आत आहे.

मूळ भेगांत आहे. ठिबकची नळी वरंब्याच्या मध्यावर, म्हणून मधली माती ओली राहते आणि बाजू वाळून फाटतात. मादी भेगेतून उतरते आणि डोळ्यांवर अंडी घालते. पाला हिरवा असेपर्यंत अळ्या पानांतही असतात, तो वाळला की मोर्चा बटाट्याकडे. त्यामुळे पाला कापून रान महिनाभर तसंच ठेवणं हा फार महाग आळस. पाला कापल्यावर साल घट्ट व्हायला १०-१२ दिवस पुरतात, मग काढणी करा. पाला कापण्याआधी वरंब्याला माती ओढा, उघडे बटाटे झाका. पुन्हा भेगा दिसल्या तर हलकं पाणी द्या. चिखल केलात तर सड लागेल.

आरणकर :
काढलेला माल रात्री रानात उघडा ठेवू नका, पाकोळी अंधार पडल्यावर फिरते. ढीग बटाट्याच्याच पाल्यानं तर मुळीच झाकू नका, पाल्यातल्या अळ्या खाली उतरतात. छिद्राचा प्रत्येक बटाटा वेगळा काढा. उन्हाळ्यात साधारण महिन्याला एक पिढी होते, तेव्हा सगळा ढीग किडायला चुकून आत गेलेले चार किडके पुरतात. ढिगाच्या खाली-वर घाणेरीच्या (टणटणीच्या) वाळक्या पाल्याचा २ सेंमी थर द्या. बेणं ठेवायचं असेल तर शीतगृहच. २ ते ४ अंशांना अळीची वाढ थांबते.

करपा_पाहणी :
पानांवरचे कडी असलेले कोरडे चट्टे म्हणजे लवकर येणारा करपा, हा बुरशीचा रोग. उशिरा येणाऱ्या करप्याचा डाग पाणचट असतो, सकाळी पानामागे पांढरी बुरशी दिसते. त्याला थंडी आणि ओल लागते. तुमच्या सोलापूरकडच्या कोरड्या हवेत पहिलाच जास्त. मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम बरोबर, पण ते चट्टे पडायच्या आधीचं औषध. ८० दिवसांच्या पिकावर आता पैसे घालू नका.

शिवार_मोहोळ :
माती आजच ओढतो. पुढच्या हंगामात आधीपासून काय करू?

काळी_माती :
शास्त्रज्ञांची जुनी शिफारस पाळा : बेणं ६ ऐवजी १० सेंमी खोल. सहा-सात आठवड्यांनी झाडांना मातीची भर जाड द्या, एकही बटाटा उघडा दिसायला नको. एकरी ८ कामगंध सापळे (मादीच्या गंधानं ओढणारे) लावा, पण त्यात फक्त नर अडकतात. पाकोळी आली कधी ते त्यावरून कळतं, ती त्यानं संपत नाही. शेजारी टोमॅटो-वांगी नकोत, ही पाकोळी त्यांच्यावरही जगते. टोमॅटोवरचा करपाही तोच, तेव्हा फेरपालटीत ज्वारी किंवा हरभरा घ्या.